पोटातलं यंत्र आधी उघडं चालू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात इंची कोरी विनाइल बाहुली, तिच्या पाठीत हँडल. ते फिरवलं की छातीचं दार उघडावं, आतलं लाल हृदय दोनदा धडधडावं आणि दार मिटावं. पहिले चार दिवस छान चाललं, मग अडकायला लागलं. शाफ्टची, म्हणजे फिरत्या दांड्यांची, भोकं थेट बाहुलीच्या कुशीत पाडली आहेत. वरून मारलेला स्प्रेचा रंग महिना झाला तरी चिकट आहे. गिऱ्हाईक १५,००० रुपये द्यायला तयार आहे, पण त्याला हँडलऐवजी मोटर हवी आहे. विचारणाऱ्या ताई उपयोजित कला शिकलेल्या आहेत, पुण्यात राहतात, यंत्रकाम पहिल्यांदाच करतायत.

मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गाळ्यात अठरा वर्षं हलती खेळणी बनवतो. शेजारी लेथ चालतं, समोर फाउंड्रीचा माल उतरतो. त्यामुळे माझं अर्धं शिक्षण चहाच्या टपरीवर फुकटात झालं. तुमच्या अडचणीचं मूळ तुम्हीच प्रश्नात सांगून टाकलंय : भोकं बाहुलीच्या कुशीत आहेत.

विनाइल म्हणजे पीव्हीसीत मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. म्हणून तर हेअर ड्रायर मारला किंवा गरम पाण्यात धरलं की मुंडकं अलगद निघतं, आणि कोऱ्या बाहुल्या रंगवून-बदलून देणाऱ्या कस्टमवाल्यांचं सगळं काम त्या सोयीवर चालतं. पण ज्या गुणामुळे मुंडकं निघतं, त्याच गुणामुळे शाफ्टच्या ओझ्याखाली भोक हळूहळू लांबट होतं. एका दिवसात कळत नाही. चार दिवसांत शाफ्ट अर्धा मिलिमीटर खाली बसतो, गिअरचे दात एकमेकांपासून दूर जातात किंवा एकमेकांत रुततात, आणि तुम्हाला वाटतं कॅम (फिरताना काडीला वरखाली ढकलणारी चकती) बिघडला. त्यात पुण्याचा एप्रिल-मे आला की विचारूच नका.

तेव्हा पहिलं काम : बाहुलीला सांगाडा द्या. ३ मिलिमीटर बर्च प्लायच्या दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या करा, मध्ये अंतर राखायला पितळी स्पेसर, सगळे शाफ्ट या दोन पट्ट्यांत. विनाइल फक्त अंगरखा. त्यानं एकही ग्रॅम वजन उचलायचं नाही. आणि हा सांगाडा बाहुलीत घालायच्या आधी टेबलावर नागडा चालला पाहिजे, हाताने हजार फेरे. हो, हजार. पाचशेपर्यंत कंटाळा येतो, त्यानंतर यंत्र खरं बोलायला लागतं. ड्रिल लावून फिरवायचा मोह होईल, तो पहिल्या शंभर फेऱ्यांत तरी टाळा. ड्रिलला ताकद इतकी असते की यंत्र कुठे अडखळतं ते तो गिळून टाकतो. बोटांना मात्र फेऱ्यात एकदाच येणारी बारीकशी कचही कळते. ती कच नेमकी कुठल्या कोनात येते ते पेन्सिलने हँडलवर खूण करून ठेवायचं. तीच खूण दर वेळी वर आली तर दोष हँडलच्या शाफ्टवर आहे. सहा फेऱ्यांनी एकदा आली तर संथ शाफ्टवर (हँडलच्या सहा फेऱ्यांत एकदा फिरणारा दुसरा शाफ्ट, त्याचं पुढे सांगतो).

आता सळई. पितळी शाफ्ट पितळी बुशात (शाफ्ट ज्या आखूड नळीत फिरतो तिच्यात) फिरवू नका, दोन्ही मऊ, एकमेकांना खरडतात. शाफ्ट पोलादी, बुश पितळी. बोहरी आळीत ३ मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची सळई मिळते आणि तिच्यावर जेमतेम सरकेल अशी पितळी नळीही. नळीचे ६-७ मिलिमीटरचे तुकडे कापून प्लायमध्ये चिकटवले की झाले बुश. छोट्या जागी मी सायकलचा स्टेनलेस आरा वापरतो. १४ गेजचा आरा २ मिलिमीटरचा असतो, सरळ असतो, गंजत नाही, आणि सायकलवाल्याकडे जुने आरे चहाच्या पैशात मिळतात.

मी अगदी नवा असताना शेजारच्या लेथवाल्याकडे एक बुश करून घ्यायला गेलो होतो. त्यानं डोकं वर न करता विचारलं, "बसवायचंय का फिरवायचंय?" मला प्रश्नच समजला नाही. तो म्हणाला, "बसवायचं असंल तर टाइट देतो, फिरवायचं असंल तर प्ले ठेवतो." हा प्ले म्हणजे दोन भागांमधली मोकळी जागा. चित्रकला शिकून आलेल्या माणसाला ती जागा दिसतच नाही, कारण आपण रेषा बघतो. यंत्र बनवणारा रेषांमधली हवा बघतो. तुमच्या बाहुलीच्या दारालाही हेच लागू आहे. दार आणि चौकट यांत तुम्ही बहुधा नखभर फट ठेवली असेल आणि मग दोन्हीकडून प्रायमर, रंगाचे दोन हात, वर व्हार्निश. प्रत्येक थर केसाएवढा म्हटला तरी चार थर दोन बाजूंनी मिळून फट खाऊन टाकतात. रंगाआधी चारी बाजूंनी ०.८ ते १ मिलिमीटर ठेवा. रंगल्यावर ती बरोबर दिसेल.

लाकूड वापरणार असाल तर पावसाळा हिशेबात धरा. हे मी नुकसान सोसून शिकलो. २०११ च्या मे महिन्यात सागवानी पेटीतला एक ढोलकीवाला बनवला, सरकणारी पट्टी लाकडाचीच, खाचेत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा प्ले. कोल्हापुरात लोण्यासारखा चालायचा. नग गेला रत्नागिरीला. जुलैत गिऱ्हाइकाचा फोन, ढोलकीवाल्यानं संप केलाय. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ वाढत नाही, पण रेषांना आडवं फुगतं, आणि माझी पट्टी नेमकी आडवी कापलेली होती. नोव्हेंबरात तो आपोआप पुन्हा चालू झाला, पण तोवर मी दोन्ही बाजूंचं कुरिअर भरून, पट्टी तासून, पाया पडून झालं होतं. तेव्हापासून सरकणारा भाग प्लायचा किंवा पितळेचा, आणि लाकडातलं प्रत्येक फिरतं भोक बुश घालूनच. एमडीएफ तर कॅमसाठीही नको. कडा ओल पितात आणि फुलून येतात.

तुमच्या हृदयाकडे येऊ, कारण खरी मजा तिथेच आहे. दोन वेग लागतात : हृदयाचा जलद, दाराचा संथ. हृदयाचा कॅम हँडलच्या शाफ्टवरच ठेवा. दाराचा कॅम दुसऱ्या शाफ्टवर, मध्ये १० आणि ६० दातांचे गिअर. म्हणजे हँडलचे सहा फेरे, दाराचा एक. ०.५ मोड्यूलचे (मोड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचं माप) प्लास्टिक गिअर घेतले तर दोन शाफ्टमधलं अंतर गणिताने १७.५ मिलिमीटर येतं. तुम्ही १७.६ ठेवा. तो एक दशांश म्हणजे पुन्हा प्लेच.

दाराच्या कॅमचा फेरा मी असा वाटेन : ९० अंशांत दार उघडतं, १२० अंश उघडं राहतं, ९० अंशांत मिटतं, उरलेले ६० अंश मिटलेलं. १२० अंश म्हणजे हँडलचे दोन फेरे, म्हणजे बघणाऱ्याला बरोबर दोन ठोके दिसतात. दार मिटलेलं असताना हृदय आत धडधडतच राहील, ते थांबवायच्या भानगडीत पडू नका. दिसत नाही, पण हँडल धरलेल्या बोटांना जाणवतं. माझ्या मते तुमच्या बाहुलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच ठरेल.

दाराला बिजागरीपासून ४ मिलिमीटरवर काडी जोडली तर दार ९० अंश उघडायला काडीला साधारण ५.७ मिलिमीटर सरकावं लागतं. कॅमची सगळ्यात लहान त्रिज्या १० मिलिमीटर धरा, सगळ्यात मोठी १५.७. इथे नवखे लोक कॅम लहान करतात, जागा वाचावी म्हणून. मग चढ उभा होतो, कॅमवर टेकलेली काडी वर जाण्याऐवजी बाजूला ढकलली जाते आणि आपल्याच नळीत रुतून बसते. चढ तीस अंशांपेक्षा उभा झाला की हे होणारच. घाटासारखंच आहे, अंतर वाढवल्याशिवाय चढ सोपा होत नाही. आणि काडीला मार्ग दाखवणारी नळीही आखूड नको. काडीच्या जाडीच्या निदान तिप्पट-चौपट लांब ठेवा, नाहीतर काडी तिरकी होते. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढल्यावर कसा अडकतो, तसं.

हृदयाचा कॅम म्हणजे गोल चकती मध्यापासून सरकवून लावलेली, असं सगळे करतात. ३ मिलिमीटर सरकवली की ६ मिलिमीटर वरखाली. चालतं, पण तो ठोका नसतो, पाळणा असतो. हृदय 'लब-डब' करतं : एक मोठा उंचवटा, लगेच मागे एक छोटा, मग विश्रांती. कागदावर वर्तुळ काढून त्याचे बारा भाग करा. पहिल्या दोन भागांत ३ मिलिमीटर चढ आणि उतार, पुढच्या दोनांत २ मिलिमीटर चढ आणि उतार, उरलेले आठ भाग सपाट. हा कॅम मी पोस्टकार्डावर काढून, कापून, टाचणीवर फिरवून बघतो. प्लायला करवत नंतर. विश्रांतीचे आठ भाग कमी करायचा मोह होतो. कमी केलेत की हृदयाचं शिवणयंत्र होतं.

परत खाली येण्यासाठी स्प्रिंग की नुसतं वजन? टेबलावर ठेवायच्या खेळण्यात वजन उत्तम. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या बघा (तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली). दोरी फक्त हात वर उचलते, खाली आणायचं काम हाताच्या वजनाचं. दोऱ्या निम्म्या लागतात आणि हालचालीला जडपणा येतो, म्हणजे जिवंतपणा येतो. पण तुमची बाहुली हातात धरायची आहे. माणूस ती आडवी करणार, उलटी करून तळवा बघणार, आणि तेव्हाही हँडल फिरवणार. म्हणून स्प्रिंग. बॉलपेनची घेऊ नका, फार कडक असते. आणि ती लांब वाटते म्हणून कापू तर मुळीच नका. कापलेली स्प्रिंग आणखी कडक होते, हे मला पटायला तीन स्प्रिंगा लागल्या. पातळ तारेची, जास्त वेढ्यांची घ्या. रबरबँड लावला तर दोन उन्हाळ्यांत तुटून आत पडलेला सापडेल.

उलटं फिरवण्याचंही बघावं लागतं. आपण सांगतो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. दहातली तीन माणसं पहिल्यांदा उलटंच फिरवतात, हा माझा प्रदर्शनांतला अनुभव. तुमचे दोन्ही कॅम दोन्ही बाजूंनी उतरते आहेत, त्यामुळे धोका नाही. पण पुढेमागे वस्तू एकदम खाली पडणारा, शंखाच्या आकाराचा कॅम केलात तर उलट्या फेऱ्यात काडी त्या उभ्या भिंतीवर आदळते आणि काहीतरी मोडतं. तिथे रॅचेट घाला, म्हणजे एकाच दिशेनं फिरू देणारं दातेरी चाक. टिकटिक आवाजही छान येतो. अनोळखी हाताचा धसका जुना आहे. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ, १७९३ च्या सुमाराचा, हँडल फिरवलं की गुरगुरणारा आणि खालच्या गोऱ्या शिपायाचा हात हलवणारा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लंडनला गेला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात येणारेजाणारे त्याचं हँडल इतकं फिरवायचे की शेजारच्या वाचनालयातले लोक आवाजाला वैतागले, यंत्र खिळखिळं झालं आणि शेवटी ते हँडलच नाहीसं झालं. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, काचेआड. तुमची बाहुली काचेआड जाणार नाही, म्हणून हँडल शाफ्टला चिकटवू नका, बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचा, शाफ्टवर दाबून बसणारा स्क्रू) धरा. कुणी जोर केलाच तर हँडल घसरेल, दात वाचतील.

वंगणाचं सोपं आहे पण लोक चुकतात. लाकडावर तेल नाही. लाकूड ते पितं, धूळ धरतं, सहा महिन्यांत काळी पेस्ट होते. लाकडावर मेणबत्ती घासा किंवा ६बी पेन्सिलीची पूड. पोलाद-पितळेच्या बुशात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. प्लास्टिकच्या गिअरना सिलिकॉन ग्रीस. साधं खनिज तेल काही प्लास्टिकना तडे पाडतं, विशेषतः जिथे भाग दाबून बसवलेला असतो तिथे.

चिकट रंगाला आता उपाय एकच, काढून टाकणे. साधे स्प्रे एनॅमल विनाइलवर कधीच पूर्ण वाळत नाहीत. विनाइलमधलं तेलकट द्रव्य वर येऊन रंगात शिरतं. वर व्हार्निश मारून झाकायला जाऊ नका, तेही चिकट होईल. रंग उतरवा, भांड्याच्या साबणाने धुवा, दोन दिवस वाळवा, मग पातळ अॅक्रिलिक, शक्यतो एअरब्रशने, एका वेळी एक झिरझिरीत हात. आणि आधी पायाच्या तळव्यावर चाचणी, आठवडाभर थांबून.

मोटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. १९९९ मध्ये हाँगकाँगचे कलाकार मायकेल लाऊ यांनी आपली 'गार्डनर' नावाची बाहुल्यांची मंडळी दाखवली, २००१ मध्ये जपानमधून बेअरब्रिक नावाचे अस्वली बाहुले आले, आणि तेव्हापासून मोठ्यांनी खेळणी कपाटात मांडायची रीत पडली. बघायचं, हात नाही लावायचा. तुमच्या बाहुलीचं वेगळेपण हे की तिला हात लावल्याशिवाय ती काही सांगतच नाही. हँडल हळू फिरवलं तर हृदय घाबरलेलं वाटतं, जोरात फिरवलं तर धावून आलेलं. मोटर आली की एकच वेग, वर गिअरबॉक्सची किरकिर, आणि सेल संपले की ती कपाटातली आणखी एक बाहुली. गिऱ्हाइकाला हे बोलून पटवू नका. नागडा सांगाडा त्याच्या हातात द्या आणि दोन मिनिटं गप्प बसा. माझ्याकडे मोटर मागणारे बहुतेक जण तिथेच विसरतात. तरीही हट्ट धरलाच तर एन२० नावाची छोटी गिअर मोटर घ्या, मिनिटाला ३० फेऱ्यांची, आणि तिच्यात व शाफ्टमध्ये घसरणारा जोड ठेवा.

पैशांचं बोलू. १५,००० वाईट नाहीत, पण तास मोजलेत का? सामान दीड-दोन हजार. असा नग मला चाळीस तास घेतो, तुम्हाला पहिल्यांदा सत्तर घेईल. जास्तीचे तीस तास तुमच्या शिक्षणाचे, ते बिलात घालू नका. पण चाळीस तासांचे घ्याच, तासाला अडीचशे धरले तरी दहा हजार होतात. वर पॅकिंग, कुरिअर, आणि दुरुस्तीला एकदा परत येईल असं गृहीत धरून हजार-दीड हजार. म्हणजे १५,००० जेमतेम. निम्मे आगाऊ घ्या. 'दीर्घकाळ टिकेल' वगैरे तोंडी आश्वासन नको. एक वर्ष दुरुस्ती मोफत, येण्याजाण्याचा खर्च त्यांचा, हे लिहून द्या. मी सुरुवातीची तीन वर्षं लिहून देत नव्हतो, आणि एका हौशी संग्राहकाचं माकड मी पाच वेळा फुकट दुरुस्त केलं. दर वेळी त्याचा नातू ते पाण्यात घालायचा.

नातवावरून आठवलं. ही वस्तू लहान मुलांचं खेळणं म्हणून विकू नका, तशी जाहिरातही करू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा पुढे हाच धंदा करणार असाल तर ती नोंदणी करून घ्या. पण कागदाची सूट मिळाली म्हणून घशात अडकणारा भाग लहान होत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात जाऊ शकतं. तुमचं हृदय आरामात मावेल. खोक्यावर 'मोठ्यांसाठी संग्राह्य वस्तू' असं ठळक मराठीत आणि इंग्रजीत छापा.

शिकायचं कुठे, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. व्हिडिओ बघालच, ते चांगले आहेत. पण आधी एखाद्या जत्रेत जा. दोरीने ओढायची, मातीच्या वाटीवर कागद ताणलेली, टकटक वाजणारी गाडी अजून कुठे कुठे मिळते. ती दोन घ्या, एक खेळायला, एक उघडायला. चाकाच्या कण्यावरची काडी टिपरीचं शेपूट दाबते, सोडते, पीळ घातलेला दोरा टिपरी खाली आपटतो. कॅम, फॉलोअर (कॅमवर टेकून हलणारा भाग), स्प्रिंग, सगळं पंचवीस-तीस रुपयांत आणि एकही स्क्रू नाही. दुसरं, अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी करून बघा, वाचू नका, करा. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांधे जोडताना बोटांना जे कळतं, त्याला संगणकावर आराखडे काढायच्या कॅडमध्ये बटण नाही.

शेवटचं, पाठीचं झाकण चिकटवू नका. चार स्क्रू. दिसायला नको असतील तर केसांच्या किंवा खिशाच्या चित्रात लपवा, पण असू द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने तारीख, गिअरचे दात, आणि कुठे कुठलं वंगण लावलं ते लिहून ठेवतो. मागच्या दिवाळीत २०१४ सालचा एक नग दुरुस्तीला आला. मी केलेला हे मलाच आठवत नव्हतं. चार स्क्रू काढले तर आत माझंच अक्षर : 'डावा बुश घट्ट आहे, पुढच्या वेळी बदल.' बदलला.